पडद्याशिवायचं गाणं

आम्ही धरणगावकडचे. आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, पण तिकिटाची ऐपत नव्हती. आम्ही कनातीबाहेर बसून नुसती गाणी ऐकायचो. त्या गाण्यांत काही कमी आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मी घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर जळगावात सिनेगीतांची वाद्यमैफल होती, तिला आईला घेऊन गेलो. शेजारी एक गृहस्थ बसले होते. परीटघडीचे कपडे, सभागृहातही डोक्यावर चढवलेला गॉगल. व्हायोलिनं सुरू झाली की हे मोबाईलवर तेच गाणं लावून बघायचे, तेही आवाजासकट. वर आम्हाला सांगायचे, "आता हिरो घोड्यावरून उतरतो बघा!"

मी म्हणालो, "साहेब, समोर वाजतंय ना?"

"पडदा नाही तर मजा काय? हा नुसता बँडबाजा!"

डोळ्यांना चारा मिळाल्याशिवाय ज्याचे कान चालत नाहीत, त्याने मैफलीत खुर्ची कशाला अडवावी? मी हे सुनावणार, तोच आई त्यांच्याकडे वळली.

"भाऊ, ते बंद कर. माले आयकू दे."

गृहस्थांनी मोबाईल बंद करून खिशात घातला. आईने उरलेली मैफल शेवटपर्यंत ऐकली.