माय बाभळीचा काटा टोचायची

सत्तरच्या दशकात मी विलायतेला निघालो, तेव्हा पूर्णा जंक्शनवर तुमचा बाप, माझा धाकटा भाऊ उत्तम, डाव्या हाताने माझी ट्रंक वर चढवत होता. उजवा पंजा नुसता लोंबत होता. चार वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात त्या हाताचे मज्जातंतू तुटले होते.

माय खिडकीशी आली. "तुज्या शिक्षनानं ह्याच्या हाताला जीव ईल का रं?"

"ईल, माय."

"लवकर कर, दादा," उत्तम हसला. "डाव्या हातानं जेवतो म्हनून पंगतीत लोक तोंड फिरवायलेत."

पोरांनो, थोरले बाबा आमच्या बापाच्या हातासाठी गेले, असं तुम्ही अभिमानानं सांगता. ते खरं नाही. मला जायचं होतं. हाताचं निमित्त आयतं मिळालं.

तिथे खिडकी नसलेल्या लॅबमध्ये मी कोंबडीच्या गर्भातल्या मज्जापेशी काचेच्या बशीत वाढवायचो. एका प्रथिनाचा थेंब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यांना चहूबाजूंनी बारीक तंतू फुटायचे, ज्वारीच्या ताटाला बुडाशी मुळ्या फुटतात तसे. पण पेशीच्या अंगावर त्या प्रथिनाला धरणारी जागा, रिसेप्टर, मोकळी असेल तरच. ती अडवली की कितीही थेंब ओता, आत निरोप पोचत नाही. एकही तंतू निघत नाही. माझं काम एवढंच. त्यात माणसाचा हात कुठेच नव्हता.

माय पत्रांतून विचारत राहिली. वेळ काढायला मी लिहिलं: दर बाजाराच्या दिवशी उत्तमला डोळे मिटायला सांगून बोटांना काटा टोचत जा, जाणवलं की कळवा. दुसऱ्या वर्षी त्याचं डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर आलं. "दादा, करंगळीला जानवायलंय. माय लय खुश हाय."

इतक्या वर्षांनी ते शक्य नव्हतं. मला ते ठाऊक होतं. तरी मी पत्र खरं मानलं आणि मुक्काम वाढवला. मग नोकरी, लग्न, तिकडचं घर. परतावं म्हटलं की तो हात आडवा यायचा. राहावं म्हटलं की ते पत्र उशाशी टोचायचं. निवृत्त झालो, पण त्या बिनखिडकीच्या खोलीतून सुटलो नाही.

माय गेल्यावर गावी, ताडकळसला आलो होतो. उत्तम चहा पीत होता. उकळता पेला उजव्या बोटांना टेकून कातडी लाल झाली, त्याला पत्ताच नाही. मी पेला ओढला.

"मग पत्रात काय लिहिलं होतंस?"

"काटा टोचताना माय ओठ दाबायची, दादा. मी डोळे किलकिले करून बघायचो, आन् म्हनायचो, दुखलं." मग माझ्याकडे बघून, "तुलाबी कळलं न्हाई व्हय? एवढा शिकलास की!"

कळलं होतं, उत्तम. तू होतास तोवर मी ते बोललो नाही.

आता घर म्हटलं की ओसरीवर काटा धरून बसलेली माय दिसते, ओठ दाबलेली. तो चेहरा मी कधी पाहिलाच नाही. माझं घर तेवढंच उरलंय.