एक लाख पंधरा हजारांची लाईन

शेवगावचं पान शेवगावातच लागावं म्हणून मी जेवढी भांडले, तेवढी स्वतःच्या लग्नातल्या मानपानावरूनही भांडले नव्हते. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. नगरच्या एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात मी संगणकावर पान लावायचे. कार्यालय कसलं, स्टँडसमोरची एक खोली, त्यात एक संगणक, एक स्कॅनर आणि मी. पान लावून झालं की फ्लॉप्या आणि फोटो पाकिटात घालायचे आणि संध्याकाळच्या नगर गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे. नगरला आमचा माणूस स्टँडवर उभा असायचा. सगळ्या जिल्ह्यातल्या बातम्या तेव्हा अशाच एसटीने प्रवास करायच्या.

मग मोडेम आला. पान फोनच्या तारेवरून जायला लागलं, म्हणजे जायला निघायचं आणि वाटेत कुठेतरी मरायचं. मी पुन्हा पाकीट घेऊन स्टँडवर पळायचे, तोवर कधी गाडी सुटलेली असायची. शेवटी नगरचे आमचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "बाई, हा रोजचा तमाशा पुरे. तुमचं पान आम्ही इथेच लावतो." म्हणजे माझी खुर्ची गेलीच.

मी म्हटलं, डिजिटल लाईन द्या. पुण्याशी बोलायला नगरच्या ऑफिसात ती होतीच, आणि आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्येही नुकतीच मिळायला लागली होती.

"तिचा वेग चौसष्ट हजार," साहेब म्हणाले. "तुमच्या मोडेमचा एक लाख पंधरा हजार दोनशे. मी स्वतः तुमच्या पडद्यावर वाचलाय. चांगली लाईन सोडून निम्मी कशाला घ्यायची?"

माझं डोकंच फिरलं. आकडा पडद्यावर होता हे खरं, आणि त्याला भुललेले ते एकटे नव्हते. जिल्ह्यातली सगळी कार्यालयं तो आकडा एकमेकांना अभिमानाने सांगायची. पण तो वेग संगणकापासून मोडेमपर्यंतचा, टेबलावरच्या हातभर वायरीतला. "साहेब," मी म्हटलं, "अंगणात फटफटी कितीही दामटा, पुढे रस्ता पाथर्डीचाच, खड्ड्यांचा आहे." मोडेम बाहेर तारेवर खरा किती धावतो ते मी त्याच्याच नोंदीत शोधून काढलं होतं. चौदा हजार चारशे. मोडेमच्या आकड्याला दहाने भागायचं, कारण आठ खुणांच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे एकेक जादा खूण जाते. डिजिटलच्या आकड्याला आठानेच भागायचं. फोटोसकट आमचं पान व्हायचं दीड एमबीचं. मोडेमवर सतरा-अठरा मिनिटं, तीही तार मधे तुटली नाही तर. डिजिटलवर तीन मिनिटं आणि वर थोडी.

साहेबांनी ते भागाकार स्वतः करून पाहिले. मग म्हणाले, "लाईन घेऊन देतो. पण पहिल्याच दिवशी पान वेळेत आलं नाही, तर लाईनही काढायची आणि पानही. आणि त्या दिवशी पाकीटही गाडीत टाका, उगाच जोखीम नको."

लाईन चालू झाली त्याच दुपारी शेवगावच्या मुलींनी खो-खोचा जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकला, तोही आपल्या मैदानावर. धुळीने माखलेल्या, ढाल डोक्यावर धरलेल्या त्या पोरींचा फोटो मी पानाच्या मध्यावर मोठा लावला. पान झालं आणि मी स्टँडवर पोचले तेव्हा नगर गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरमामांनी सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला.

"पाकीट द्या ताई, लई उशीर झालाय."

पाकीट माझ्या पिशवीत तयार होतं. ते दिलं असतं तर रात्री झोप लागली असती. पण मग उद्या साहेब म्हणाले असते, पान गाडीनेच आलं.

"आज पाकीट न्हाई, मामा," मी म्हटलं.

गाडी हलली. मी खोलीत येऊन पान सोडलं. मोडेमचं ते किंचाळणं नाही, खरखर नाही. पडद्यावरची पट्टी मुकाट्याने भरत होती. पट्टी भरली आणि फोन वाजला.

"पान आलं," साहेब म्हणाले. "चहा सांगितला होता, तो अजून यायचाय. पोरींची ढालसुद्धा स्वच्छ दिसतेय." मग विचारलं, "ते एक लाख पंधरा हजार गेले कुठे मग?"

"टेबलावरच आहेत, साहेब. तिथून ते कधी हललेच नव्हते."

ते मोकळे हसले. म्हणाले, "उद्यापासून पाथर्डीचं पानही तुम्हीच लावा." फोन ठेवला आणि मी त्या रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. लाज कशाची, जिंकले होते मी.

दुसऱ्या संध्याकाळी मामांचा हात पुन्हा खिडकीतून बाहेर आला. मी त्या हातात पोरींच्या फोटोचा अंक ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला, फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाकीट तर काल दिलंच न्हाई तुमी. मग ह्ये गेलं कवा?"

"तुमची गाडी नाक्यावर पोचायच्या आत, मामा."