छबुबाईच्या हातून सुटलेला गोटा

निजामाच्या राज्यात चकलांब्याच्या शिवारात छबुबाईएवढी भेदरलेली बाई दुसरी नव्हती. जन्मापासून ती तशी नव्हे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ज्वारी हुरड्यात आली असताना तिच्या हातून जे घडलं, त्यानंतर ती तशी झाली.

त्या दिवशी ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून पाखरं राखत होती. समोर चिमण्यांचा थवा उतरला. तिनं गोफणीत गोटा घातला, डोक्यावर गरगर फिरवली आणि हात बरोबर नाकासमोर आल्यावर टोक सोडलं. गोटा समोर गेलाच नाही. तो डावीकडे सणाणला. तिकडून बांधावरनं तिची थोरली जाऊ बायनाबाई भाकरी घेऊन येत होती. गोटा तिच्या डाव्या डोळ्यावर बसला.

डोळा गेला. दोघींचं आठच दिवसांपूर्वी पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, ते साऱ्या गावानं ऐकलेलं.

"चिमण्या म्होरं होत्या, तर गोटा माझ्याकडं कावून आला?" बायनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. पोलीस पाटलानंही तेच विचारलं.  नवरा रामकिसन हातापाया पडला म्हणून प्रकरण तहसिलीपर्यंत गेलं नाही. तरी दारात जोडा वाजला की ती आतल्या खोलीत जाऊन दडायची. वाटायचं, जमादारच न्यायला आला. त्याहून जास्त भीती तिला स्वतःची वाटे. आपल्या मनात खरंच तसं होतं काय? हातानं मनातलं ऐकलं काय?

फाल्गुनात मळणी लागली. खळ्याच्या मधोमध मेढीचा खांब रोवलेला, त्याला बांधलेले बैल गोल फिरत होते आणि छबुबाई मागून हाकत होती. चालता चालता तिची नजर कडेच्या बैलावर खिळली. दावं त्याला मेढीकडे ओढत होतं, पण तो चालत होता दाव्याला आडवा. मेढीच्या उगवतीला असला की त्याचं तोंड उत्तरेला. तोच उत्तरेला पोचला की तोंड मावळतीला. चाल तीच, दावं तेवढंच, तोंड मात्र पावलागणिक वळलेलं. आत्ता दावं तुटून बैल उधळला, तर जाईल कुठं? तोंड असेल तिकडंच.

तिनं बैल जागीच थांबवले.

"काय झालं गं?" रामकिसन धावत आला.

"आवं, गोफणीतला गोटा बी या बैलावानीच फिरतो. हात म्होरं होता, तवा गोटा डावीकडंच चालला होता! म्होरं मारायचा तर हात उजवीकडं असतानाच सोडाया पायजे व्हता. मी लई उशिरा सोडला."

"म्हंजे तू मुद्दाम न्हाई मारलं."

"न्हाई वो," ती म्हणाली आणि रडू लागली. तोपर्यंत तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

रिकाम्या खळ्यात, आसपास कुणी नाही बघून, ती गोफणीनं मातीचे गोळे फेकून बघू लागली.  हात जिथं असताना सोडावा त्याप्रमाणे गोळा जायचा: हात उजवीकडे असताना सोडला तर समोर, थोडा उशीर झाला तर डावीकडे, घाई झाली तर उजवीकडे. बायनाबाईला हे सांगायला ती गेली, तेव्हा बायनाबाईनं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. "माजा डोळा येतो का त्यानं?"

पुढच्या वर्षी पिसाळलेला लांडगा शिवारात शिरला. शेजारच्या वाडीत दोघांना चावला होता. बायका घोळक्यानंच रानात जात. तरी एका दुपारी छबुबाई माळ्यावर आणि बायनाबाई समोर हरभऱ्यात भाजी खुडत पाठमोरी बसलेली, अशा दोघीच होत्या. लांडगा डाव्या बाजूनं आला. तोंडाला फेस, चाल झोकांडी खाणारी. त्या बाजूचं बायनाबाईला दिसत नव्हतं.

"आक्का! आक्का, पळा!"

वारा उलटा होता. हाक पोचली नाही.

छबुबाईनं गोफण उचलली. लांडगा आणि बायनाबाई यांच्यात चार हातांचंही अंतर उरलं नव्हतं. घाई झाली तर गोटा उजवीकडे, म्हणजे जावेच्या टाळक्यात. आता सारं गाव काय म्हणेल?  तिनं गोफण फिरवली आणि मनाशी घोकलं, उशीर चालेल, घाई नको.

उशीरच झाला. गोटा लांडग्याच्या पलीकडे, डावीकडे सणसणत गेला. त्या आवाजानं लांडगा थबकला, बायनाबाईही वळली आणि तिची किंकाळी फुटली. दुसरा गोटा लांडग्याच्या जबड्यावर बसला. तो कोलमडला, उठला, पुन्हा कोलमडला. बायनाबाई धडपडत माळ्याकडे पळत आली. छबुबाईनं तिला हात धरून वर ओढलं आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या. ओरडा ऐकून रामकिसन आणि गडी काठ्या घेऊन आले, त्यांनी लांडग्याला संपवलं.

बायनाबाईनं विचारलं, "पयला गोटा मला लागला असता तर?"

"त्याचंच भ्या होतं, आक्का."

यानंतर दोघींचं सगळं गोड झालं असं नाही. पाण्यावरून भांडणं होतच राहिली. पण "गोटा कावून आला" हे बायनाबाईनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. दुसऱ्यानं काढलं तर ती त्याला गप्प करी. छबुबाईनं पुढं वीस वर्षं पाखरं राखली. इतर बाया माळ्यावर गाणी म्हणत. ही मुक्यानं, घाम पुसत, एकेक गोटा सोडायची.