कमरेचा कासरा

पूर ओसरल्याचा घरून फोन आला तेव्हा मी नोकरीच्या गावी, मेढ्याला होतो. लगेच मोटरसायकलीवर निघालो. वाटेत एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, जेमतेम घोटाभर. मागचा जीपवाला हॉर्न वाजवून डोकं उठवायला लागला. "जावा की फुडं, एवढ्याला काय हुतंय!"

"तुला लय घाई असंल तर तू घाल की गाडी."

तोही हलला नाही. खालची फरशी वाहून गेली असली तर कळणार कसं? पाणी उतरेपर्यंत दोघं तीन तास बसून राहिलो. तर असा मी शहाणा माणूस.

पण हे शहाणपण परक्या पाण्यापुरतं. आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, कृष्णाकाठी. पाठीला वाळका भोपळा बांधून मी तिथं पोहायला शिकलो. शिकवलं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून सुट्टीवर आले की. पूर गेला की आमचं एक काम ठरलेलं. उसाला पाणी ओढणाऱ्या पाइपाचं नदीतलं तोंड गाळानं बुजतं. बुडी मारून तिथली जाळी हातानं मोकळी करायची. हे काम कैक वर्षं माझं.

सकाळी काठावर आबा बैलाचा लांब कासरा घेऊन उभे. "कमरंला बांध."

"आवं, मी काय पैल्यांदा उतरतोय व्हय? हितला दगड न् दगड ठावं हाय मला."

"दगड ठावं असतील. पुरानं काय आणून टाकलंय ते ठावं न्हाई. बांध."

शेजारच्या पाण्याच्या मोटारीवरची दोघं हसली. चाळिशी उलटलेला मी, आणि मला बैलासारखं बांधायचं! डोकं सटकलं माझं. आबांनी स्वतःच गाठ मारली. मी गळाभर पाण्यात गेलो, काठाकडं पाठ केली, गुपचूप गाठ सोडली आणि बुडी मारली.

खाली जाळी सापडेचना. तिच्यावर अख्खी बाभळ येऊन रुतली होती, आणि बाभळीला कुणाच्या तरी कुंपणाची काटेरी तार. गढूळ पाण्यात माझा हात मला दिसत नव्हता. तारेनं चड्डी धरली, मांडी धरली. ओढावं तशी ती आणखी रुतायला लागली. भ्यालो. खरं सांगतो, लय भ्यालो. शेवटी चड्डी फाडून, मांडीचं कातडं तिथंच सोडून कसाबसा वर आलो.

काठावर आबा नव्हते. धोतरासकट छातीभर पाण्यात उतरलेले, आणि त्या दोघांनी त्यांचे दंड धरून ठेवलेले. हातात कासरा, पार शेवटापर्यंत ओढून घेतलेला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आबा एवढंच म्हणाले, "वढला, तर हलका लागला रं."

मांडीला टाके पडले. ते भरले.

यंदा पुन्हा पूर आला, गेला. आधी लांब बांबूनं तळ चाचपला. मग मीच कासरा कमरेला बांधला, दोन गाठी मारल्या, आणि टोक आबांच्या हातात दिलं. बुडी मारतोय तोच कासऱ्याला झटका. मी उलट झटका दिला. लगेच दुसरा. मग तिसरा. काम काही करू देईनात. वैतागून वर आलो. "आवं आबा, हाय मी!"

कासरा दोन्ही मुठीत घट्ट धरून ते म्हणाले, "व्हय. पुन्यांदा सांग."