दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप

शाळेत पत्रकारिता शिकवायची म्हणून आम्हा शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. मथळा कसा द्यावा, खोटी बातमी कशी ओळखावी, मोबाइलवर मुलाखत कशी घ्यावी, सगळं झालं. एखाद्या मुलीने खरी बातमी आणली तर काय करायचं, एवढंच कुणी सांगितलं नाही. जेवण मात्र उत्तम होतं.

बसवनगुडीतल्या आमच्या शाळेत जिन्याजवळ मुलांचं भित्तिपत्रक लागतं. नववीतल्या एका मुलीने त्यासाठी बातमी आणली. दुसऱ्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह कायम बंद असतं, पाहुणे आले की तेवढ्यापुरतं कुलूप निघतं. म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांचंही म्हणणं घ्यायचं, हा माझाच धडा. म्हणून आम्ही दोघी मुख्याध्यापिकांकडे गेलो. वर्तमानपत्राचा बातमीदार प्रश्न विचारून आपल्या कचेरीत निघून जातो. हिला मात्र प्रश्न विचारून पुन्हा त्याच बाईंच्या शाळेत येऊन बसायचं होतं. बाई गोड हसल्या. "सरी, बघू," म्हणाल्या. कानडीतलं हे 'सरी' म्हणजे 'ठीक आहे'.

संध्याकाळी मुलीच्या घरी फोन गेला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील चिकपेटमधलं साड्यांचं दुकान सोडून धावत आले. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखात राहिलेलं मराठी घर.

"अक्का, पोरीची पुढच्या वर्षी दहावी आहे. स्वल्प सांभाळून घ्या," त्यांनी हात जोडले.

मुलीने बातमी परत मागितली, माझ्याकडे न बघता. मी मुख्याध्यापिकांशी कडाडून भांडले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ऐकवलं. बातमी काही लागली नाही.

आठवड्याभरात कुलूप मात्र निघालं. मी धावतच तिला सांगायला गेले, "बघ, तू विचारलंस म्हणून झालं हे!" तिने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ते बघून मला रडू आलं.

पुढच्या अंकासाठी तिने स्नेहसंमेलनाची बातमी दिली. सुबक अक्षर, सगळ्यांना खूप मजा आली, प्रमुख पाहुण्यांचे आभार. मी सवयीने विचारलं, "कुणाकुणाशी बोललीस?"

"कुणाशीच नाही, मिस," ती म्हणाली. "यात विचारायचं काय असतं?"