काकूच्या रडण्याला साडेआठ गुण

माझ्या खोलीतून जे ऐकू येतं त्याला आमच्या घरात कोणी संगीत म्हणत नाही. काकू अंगणातून जाताना हमखास विचारायची, "कोनाले मारून राहिले रे ते?" मी सांगायचो, कोणी कोणाला मारत नाही, गाणं आहे. त्यावर ती म्हणायची, "गानं हाये त मंग तो रडून काऊन राहिला?" दहा वर्षं मी या गाण्यांवर लिहितो आहे, आणि याहून चांगला प्रश्न मला सुचलेला नाही.

मी मध्य प्रदेशात पांढुर्ण्याच्या एका शाळेत हिंदीतून शिकवतो, सौंसरला घरी येऊन मराठीत जेवतो आणि रविवारी बसून इंग्रजीत मेटलकोरच्या नव्या अल्बमांची परीक्षणं लिहितो. ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी: गिटार इतक्या खालच्या सुरात लावलेल्या असतात की त्या छातीत वाजतात. गायक अर्धं गाणं गातो, अर्धं घसा फाडून ओरडतो. मध्येच सगळं संथ होतं आणि एकेक दणका मोजून बसतो, त्याला ब्रेकडाऊन म्हणतात. हल्ली त्यात काहीही मिसळतात, तबला, कव्वाली, नाचायच्या पार्टीतले इलेक्ट्रॉनिक ठेके. काही मिसळतं, बरंचसं तेलासारखं वर तरंगत राहतं. या कामाचे पैसे मिळत नाहीत, पण अल्बम बाहेर येण्याआधी आपल्याला ऐकायला मिळतो. त्याची एक मस्ती असते आणि ती माझ्यात पुरेपूर होती.

माझी पद्धत ठरलेली. पहिल्यांदा मोठे हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा पांढुर्ण्याच्या बसमध्ये, इंजिनच्या घरघरीत. तिसऱ्यांदा अंगणात छोट्या स्पीकरवर, कपडे वाळत घालता घालता. तिसऱ्या वेळी भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं.

काकूचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात, दारं समोरासमोर. आई लोधीखेड्याच्या शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे माझं लहानपण काकूच्या चुलीपुढेच गेलं. काका लवकर गेले. तिला एक मुलगी, ती आता नागपूरला नोकरी करते, आणि एक मुलगा होता, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तीन हिवाळ्यांमागे तो नागपूरहून मोटरसायकलने येत होता. तो घरी पोचला नाही.

आमच्याकडे भेटीला येणाऱ्या बाया गल्लीच्या कोपऱ्यापासूनच हेल काढून रडत येतात आणि घरातली बाई आतून तसंच उत्तर देते. ते नुसतं रडणं नसतं. त्यात गेलेल्याला हाका असतात, तक्रारी असतात, त्याला काय आवडायचं ते सगळं सुरात सांगितलेलं असतं. पाचव्या दिवशी काकूची बहीण आली. कोपऱ्यावरून तिचा आवाज आला आणि आतून काकूने जो सूर उचलला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी ओसरीत बसलो होतो. खिशातून फोन काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

का केलं, याची बरीच उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. आठवण राहावी म्हणून, नागपूरच्या बहिणीला पुढे हवं असेल म्हणून. सगळी थापेबाजी. अंगावर काटा आला आणि माझ्यातला परीक्षण लिहिणारा टुणकन जागा झाला, एवढंच खरं. भावाची तेरवीही झाली नव्हती आणि मी त्याच्या आईच्या रडण्याची मनातल्या मनात गायकांशी तुलना करत होतो. त्याच दिवशी ते रेकॉर्डिंग मी एका गिटारवाल्याला पाठवलं. तो दूरच्या शहरात राहतो, त्याच्या बँडबद्दल मी दोनदा चांगलं लिहिलं होतं. सोबत एक ओळ लिहिली: "ऐक. तुमच्यापैकी कोणाला जमणार नाही."

गेल्या वर्षी त्यांचा नवा अल्बम परीक्षणासाठी आला. शेवटचं गाणं सुरू झालं आणि दोन श्वासांत मी ओळखलं. काकू. मागे बारीक घुमणारा सिंथेसायझर, तिच्या आवाजाला मोठ्या रिकाम्या दालनासारखा नाद दिलेला, आणि ती वर वर चढत गेलेली. मग दणका. मी हेडफोन काढून खाली ठेवले. गिटारवाल्याला विचारलं तर तो सरळपणे म्हणाला, "तूच तर पाठवलं होतंस. मला वाटलं, वापर म्हणतो आहेस." पाठवलं मीच होतं.

त्या क्षणी नकार द्यायला हवा होता. हा अल्बम माझ्याकडून होणार नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण अल्बम चांगला होता, फार चांगला होता, आणि कोणाला कळणार होतं? सौंसरमध्ये ते कोण ऐकतं? मी लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तिसरं ऐकणं टाळलं, कारण स्पीकर अंगणात लागतो. शेवटच्या गाण्याबद्दल मी लिहिलं ते असं: "हाक अगदी टोकाला पोचते आणि आवाज कापला जातो. अर्धा सेकंद काहीच नाही. मग गिटार कोसळतात. या वर्षी ऐकलेली ही सर्वांत धीट शांतता." दहापैकी साडेआठ गुण दिले. परीक्षण छापून आल्यावर बँडने ते वाक्य आपल्या जाहिरातीत वापरलं. मी ते दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दोन महिन्यांनी नागपूरहून बहिणीचा फोन आला. मोबाइलवर कसलातरी छोटा व्हिडिओ बघताना मागे ते गाणं लागलं होतं.

"दादा, हे आईचं रडनं हाये," ती म्हणाली. "तूनं देल्लं का?"

"काकूला सांगितलंस का?" एवढंच मी विचारलं.

"आईले तू सांग. दुसऱ्या कोनापासून तिले समजलं, त ते तुह्या दारात पाय नाई ठेवनार. अन् मीबी नाई."

तिने फोन ठेवला. मी घाबरलो. कायद्याला नाही, लोकांना नाही. सकाळी "चहा झाला का रे?" म्हणणारा समोरच्या दारातला तो आवाज बंद होईल, याला घाबरलो. आई गेल्यापासून मला तसं विचारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. चार दिवस मी चालढकल केली. शनिवारी काकू जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाते, आली की सांगू म्हटलं. आली तर दमलेली होती. मग रविवार उजाडला.

दुपारी ती ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं: रेकॉर्डिंग, गिटारवाला, अल्बम. परीक्षणाचं मात्र सांगितलं नाही. तिचा हात सुपात तसाच थांबला.

"तू रेकाट करत होता? त्या दिवशी?"

"हो, काकू."

तिने सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "लाव."

मी म्हणालो, नको काकू, त्रास होईल. ती म्हणाली, "लाव म्हनलं ना." तिच्या डोक्यावरच्या पदरावरूनच मी हेडफोन बसवले. तिचा आवाज संपून दणका येण्याआधी बंद करायला माझं बोट तयार होतं, पण तिने माझा हात धरला. गिटार कोसळल्या, ड्रम सुरू झाले, तो गायक घसा फाडून ओरडत होता, ते सगळं हेडफोनबाहेर बारीक ऐकू येत होतं. काकू हललीसुद्धा नाही. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"त्याचं नाव कोठी गेलं?"

मला कळलं नाही.

"त्याचं नाव, बाबू. मी वरतं जातो ना, अन् मंग त्याचं नाव घेतो. ते कोठी हाये यात?"

आणि मग मला कळलं. टोकाला पोचून ती त्याचं नाव घेत होती, आणि नेमकं तेवढंच बँडने कापलं होतं. दणक्याच्या वेळेत ते बसत नसणार. मी तिथे ओसरीत होतो, ते नाव मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी मी त्या जागी धीट शांतता ऐकली.

"काटलं असन त्याइनं," मी म्हणालो.

"काऊन? मी त नावच घेत होती. दुसरं काय म्हनलं मी?"

मी मान खाली घातली. ती रागावेल, हाकलून देईल, रडेल, सगळ्याची तयारी मी केली होती. ती फक्त पुन्हा सूप ओढून तूर निवडायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "माह्याच्यानं आता तसं नाव घेनं होत नाई. तोंडातून निघतच नाई. तुह्यापाशी पुरं हाये ना? नावासकट?"

परीक्षण छापून आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोणाच्या हाती पुरावा नको म्हणून, मी ते रेकॉर्डिंग फोनमधून पुसून टाकलं होतं. गिटारवाल्याला पाठवलेला निरोपही.

"हाये," मी म्हणालो. "शोधून देतो."

त्याच संध्याकाळी गिटारवाल्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: मूळ फाइल जुन्या फोनसोबत गेली, कापून साफ केलेला तुकडा तेवढा आहे, पाठवू का?

याला आता दीड महिना झाला. बहीण माझ्याशी बोलत नाही, पण काकू बोलते. पहिल्यापेक्षा जास्तच बोलते. शाळेतून आलो की चहाचा कप हातात देते आणि विचारते, "भेटलं का रे?" आजही विचारलं. मी म्हणालो, शोधून राहिलो.