फळ्यांमधली फट

बदलापूरच्या आमच्या हॉलमध्ये मधोमध लाकडी भिंत आहे. ती मीच घालून घेतली, बायकोच्या शिलाई मशीनला कंटाळून. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा कळलं, ही बाई दिवसभर ब्लाउज शिवत असते. मला पेपर वाचायला शांतता हवी होती. आता आहे, हवी तेवढी.

सगळे म्हणाले, जिप्समचं पार्टिशन करा, दोन दिवसांत उभं राहतं. मी म्हटलं, साधा खिळा धरत नाही ती कसली भिंत? उल्हासनगरला जाऊन पाइनच्या फळ्या घेऊन आलो, तेही ऐन पावसाळ्यात. मिस्त्री म्हणाला, "साहेब, महिनाभर घरात पडू द्या. लाकूड ओलं आहे, सुकलं की आकसेल." पण मला कुठला दम? "फळ्यांचा पाहुणचार करायला आणल्या नाहीत," म्हणालो आणि त्याच आठवड्यात ठोकून घेतल्या.

व्हायचं तेच झालं. उन्हाळ्यात फळ्या आकसल्या आणि मधे बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. मशीनचा खडखडाट तर येतच होता, आता बायकोच्या दिव्याचा उजेडही माझ्या पेपरवर पडायला लागला. चडफडत मी फटी बुजवायला पुट्टीचा डबा आणला. पलीकडून ती म्हणाली, "अहो, राहू द्या ना. तुम्ही बसलेले दिसता, बरं वाटतं."

"मी काय पळून चाललोय?" मी म्हटलं. पण डबा उघडला नाही.

गेली तीच. गेल्या दिवाळीच्या तोंडावर, चार दिवसांच्या तापाने. अर्धवट शिवलेले ब्लाउज बायका येऊन घेऊन गेल्या. घर खायला उठतं म्हणतात ना, ते मला तेव्हा समजलं.

परवा मुलगी आली. फटी बघून म्हणाली, "बाबा, हे काढून टाकू. जिप्सम लावू, गुळगुळीत, पांढरं." त्याच मिस्त्रीला तिने बोलावलंही होतं. त्याने फटीत बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं, सांगितलं होतं ना, अशा नजरेने.

"चूक माझीच," मी म्हटलं, "पण भिंतीला हात लावायचा नाही."

मुलगी रुसून गेली. खरं कारण तिला सांगायला मला जमलं नाही.

दिवेलागणीला मी पलीकडे जातो, मशीनवरचा दिवा लावतो आणि इकडे येऊन खुर्चीत बसतो. उजेड फटीतून बरोबर पेपरवर पडतो. खडखडाट तेवढा येत नाही.